ज्ञात दोष

एप्रिलमध्ये तारीख मीच लिहिली:
ऑक्टोबरचा तिसरा शुक्रवार,
जागतिक वेळ पंधरा, म्हणजे दिवाळे गावात रात्रीचे साडेआठ.
इथे कुणाला पगार नाही, कुणी साहेब नाही.
एकशे बारा माणसांना बांधून ठेवणारी
तेवढी एकच दोरी.

बाबांनी भिंतीवरचं कॅलेंडर उलटून पाहिलं.
तांडेलकी सुटली, सवय नाही.
"अकरस. आकराची पाऊनपट, सव्वाआठ.
खारीन पानी याला पाव तास जास्ती.
भरतीलाच सोरतेस की गो!"

मग महिने गेले.
इल्मारीला तांपेरेत मुलगी झाली, त्याचा भाग अर्धाच राहिला.
न्गोझीने दोन हजार ओळी पाठवल्या
आणि जुन्या तीन हजार काढून टाकल्या.
'फक्त एक छोटंसं बटण' म्हणत
कुणीतरी सतरा वेळा दार वाजवलं.
एकोणीस सप्टेंबरला मी रिलीजची फांदी वेगळी काढली.
आता नवं काही नाही, फक्त दुरुस्त्या.
हे वाक्य मी नम्रपणे लिहिलं,
मग जरा कमी नम्रपणे,
शेवटी शेवटी नुसती तारीख.

बुधवारी रात्री वर्ध्याहून सुनयना तेलरांधे.
शाळेत भूगोल शिकवते, उरलेल्या वेळात आमचं काम तपासते.
"ताई, जुन्या फोनवर सातवीचा धडा उघडला.
लिहिलंय, सह्याद्रीतल्या खोल दऱ्या.
दिसतंय, सह्याद्रीतल्या खोल दर्या.
पोरं विचारतात, तिथं समुद्र कधी आला?"

मी हसले.
मग उठून पाणी प्यायले.
पापणीएवढा एक र.
आमचा अख्खा प्रोग्राम अक्षरं जुळवायलाच तर आहे,
आणि निसटलं ते माझ्याच भाषेतलं.

आठवडाभर थांबू, न्गोझी म्हणाली.
आठवड्याचा महिना होतो, इल्मारीने लिहिलं,
एका हाताने लिहीत असावा,
शब्द अर्धवट येत होते.
सुनयनाने रात्रीतून पॅच पाठवला.
तो लावला की आमच्या दऱ्या जागेवर,
पण तिकडे बंगालीतला य-फला निखळायचा.
सकाळपर्यंत बारा जणांनी बारा मतं दिली
आणि मग सगळे गप्प झाले.
कुणाच्याच मालकीचं नसलेलं घर,
पण किल्ली या खेपेला माझ्याकडे.

खाली जेटीवर बाबा
पायाच्या अंगठ्यात दोरा धरून जाळं शिवत होते.
मी विचारलं नाही, नुसतं सांगितलं.
"अर्दं शिवलेलं पान्यान टाकशील
तं मावरा बी जाईल नि जालं बी."
आणि सुईसाठी हात पुढे केला.

शुक्रवारी साडेआठला सोडलं.
पॅच बाहेर ठेवून.
टिपणात सगळ्यांत वर, नव्या सोयींच्याही आधी:
ज्ञात दोष. जुन्या फोनवर दऱ्यांच्या जागी दर्या दिसतो.
शोधला सुनयना तेलरांधे यांनी. दुरुस्ती सुरू आहे.
छोटी आवृत्ती सात नोव्हेंबरला, याच वेळी.

खिडकीखाली पाणी तिवरांच्या मुळांत शिरलं होतं,
बांधलेल्या होड्या एकमेकींना लागत होत्या.
पहिल्या तासात चारशे जणांनी उतरवून घेतलं.
अभिनंदनं आली, एक शिवी आली,
सतरा वेळावाल्याने अठराव्यांदा विचारलं.

"सात तारखेला बीज," बाबा आतून म्हणाले,
"साडेआठला सुकती रं. पानी पार आटलेलं."

झोपण्याआधी वर्ध्याहून एक ओळ:
पोरांना सांगितलंय, तीन आठवडे समुद्र आहे,
तेवढ्यात पोहून घ्या.